पाव इंच माया

शिवणगटात सगळ्याजणी त्यांना तोंडावर उसवणबाई म्हणत आणि त्या ओ देत. राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण ते खरंच होतं. बाकीच्या बायका एक टाका घालत तेवढ्या वेळात उसवणबाई दोन घालत आणि तीन उसवत. आता दोन घालून तीन कसे उसवायचे, हे कोडं गटातल्या मास्तरीणबाईंनाही कधी सुटलं नाही, आणि त्यांनी तर शाळेत पंचवीस वर्षं भूमिती शिकवली होती.

गट दर बुधवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमे. एक लांब टेबल, चार मशीन, फुसफुसणारी एक इस्त्री आणि भिंतीशी बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या चळती. या वर्षी काम एकच होतं, नमुन्यांची गोधडी. प्रत्येकीने बारा चौकोन शिवायचे आणि बाराही वेगवेगळ्या नमुन्यांचे. भिंगरी झाली, जिना झाला, नऊघर झालं. बारा जमले की जोडायचे आणि आपापली गोधडी घरी न्यायची. कडक नियम एवढाच, की तुकडा कापताना चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची. शिलाईच्या पोटात जाणारं जे जादा कापड, त्याला शिंपी माया म्हणतात. ती कमी पडली की चौकोन लहान होतो, टोकं कापली जातात आणि चार धुण्यांत शिवण सुटते.

"म्हणजे घरच्यासारखंच की!" टपालबाई पहिल्याच दिवशी ओरडल्या. "माया संपली की शिवण सुटली!" आणि स्वतःच्याच विनोदावर इतक्या हसल्या की टेबलावरच्या टाचण्या घरंगळल्या.

टपालबाई साध्या बोलल्या तरी ओरडल्यासारख्याच वाटत. टपाल कचेरीत काचेच्या खिडकीमागे उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळे समोर काच नसली तरी आवाज काचेपलीकडे जायच्या बेतानेच निघे. कोणाला कोणाचं पत्र येतं, कोणाला येईनासं झालंय, सगळं त्यांना पाठ. "मी कधी पाकीट फोडलं नाही हं," त्या छातीवर हात ठेवून सांगत. "फोडायचं कशाला? चिकटवलंय कसं ते बघितलं की कळतं."

उसवणबाईंना गटात ओढून आणलं ते यांनीच. निवृत्त झाल्यावर उसवणबाई घरात बसून होत्या. खिडकीत उभं राहायचं, गॅस बंद आहे का बघायचं, परत खिडकीत. एके दिवशी टपालबाई खालून ओरडल्या, "अगं ए, सुई धरता येते ना तुला? मग चल!" तेव्हापासून दर बुधवारी टपालबाई शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवून जागा अडवीत आणि दुसरी कोणी बसायला आली की म्हणत, "तिथे पर्स बसलीय." उसवणबाई आल्या की पर्स उठे. मैत्रीण म्हणावी अशी उसवणबाईंना उभ्या आयुष्यात ही एकच मिळाली, तीही साठीनंतर.

नोकरी त्यांनी इस्पितळाच्या धुलाईघरात केली. बॉयलरच्या पलीकडे दुरुस्तीची खोली होती. तिथे एकतीस वर्षं त्यांनी फाटक्या चादरी नीट केल्या. ठिगळ, रफू, काठाची सरळ शिलाई. सगळं पांढरं. पहिल्या वर्षी त्यांच्या हातून एक सुई चादरीच्या काठात राहिली आणि थेट रोग्याच्या खाटेवर गेली. कोणाला टोचली नाही, पण मोठी परिचारिका सुई चिमटीत धरून धुलाईघरात आली. "ही कोणाची?" उसवणबाईंनी सांगायला तोंड उघडलं, आणि त्यातून शिंक आली. खरीखुरी शिंक. शिंक ओसरेपर्यंत गठ्ठा वाहून नेणाऱ्या इस्त्रीवालीवर आळ आलेला होता आणि तिची बदली बॉयलरच्या धगीत झालीसुद्धा. शिंकेनंतर बोलता आलं असतं. नाही बोलल्या. इस्त्रीवाली पुढे दुसरीकडे लागली, तिचं बरंही झालं म्हणतात, पण ती सुई उसवणबाईंना कायमची टोचत राहिली. तेव्हापासून सुया सकाळ-संध्याकाळ मोजायच्या, कुलूप दोनदा ओढायचं, घातलेली शिवण उलगडून बघायची.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करीत, म्हणून घड्याळजी. माणूस अबोल, पण एका डोळ्याला भिंग लावून बसला की दुसऱ्या डोळ्याने बायकोकडे बघे. "कुलूप लागलंय," ते म्हणत. "मी बघितलंय. कुलपानेही मला बघितलंय. आता चल."

तर बारावा चौकोन चांदणीचा होता. चौकोनी पोटाला आठ टोकं आणि प्रत्येक टोकाचा एकेक त्रिकोण. मास्तरीणबाईंनी त्यात एक मेख मारून ठेवली. चांदणीसाठी प्रत्येकीने आपल्या जिवाभावाच्या माणसाचा जुना कपडा आणायचा, पण कापायचा आणि शिवायचा दुसरीने. "आपल्या माणसाच्या कपड्यावर आपली कात्री चालत नाही," त्या म्हणाल्या. "हात थरथरतो आणि कोन चुकतो." त्यांना काळजी कोनाची.

चिठ्ठ्या टाकल्या. मुदत दोन आठवड्यांची, मधल्या बुधवारी सुट्टी. उसवणबाईंच्या चिठ्ठीत टपालबाई निघाल्या.

"बरं झालं बाई, तुझ्या हाती आलं!" म्हणत टपालबाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत मोठ्या रुमालाएवढा तुकडा होता. हिरवा, त्यावर पांढरे बारीक ठिपके. "आईचा झगा. एवढाच उरलाय हं. बाकीच्याची बहिणीने फरशी पुसायची फडकी केली. विचारलंन्‌ सुद्धा नाही मला! अकरा वर्षं बोलत नाही मी तिच्याशी."

उसवणबाईंनी तुकडा हातात घेतला. त्यांना ऐकू आले ते दोनच शब्द. एवढाच. आणि अकरा.

घरी जाऊन त्यांनी पुडी बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि डबा कपाटात. सात दिवस कात्री लावली नाही. वर्तमानपत्राचे त्रिकोण कापून बघितले. यजमान वाचायला बसले तर पेपराला खिडक्या. "बातमी अर्धीच आहे," ते म्हणाले. "अर्धी तुझ्या चांदणीत गेली." आठव्या दिवशी बाईंनी श्वास रोखून आठ त्रिकोण कापले. माया मोजून पाव इंच. चांदणी शिवली, आणि काय सांगावं, टोकं जुळली! उसवणबाईंनी ती पलंगावर पसरली आणि चार पावलं मागे सरकल्या.

तीन त्रिकोण फिके दिसत होते.

खिडकीशी नेऊन पाहिलं. फिकेच. मग लक्षात आलं, कापडाला उलट-सुलट असते. छापाची बाजू सुलट, आतली उलट. शिवणकाम करणारी पोरसुद्धा हे पहिल्या दिवशी शिकते. पण एकतीस वर्षं पांढऱ्या चादरी शिवणाऱ्या बाईला कोण शिकवणार? चादर इकडून पांढरी, तिकडून पांढरी. उलट बघायची सवय त्यांच्या बोटांना लागलीच नव्हती. पाच एका बाजूने लागले होते, तीन दुसऱ्या.

बरं, चूक कळली तरी सुलट कोणती? गडद ती, असं आधी वाटलं, आणि तीन फिके उसवून गडद केले. मग रात्रभर डोक्यात किडा. जुना झगा, वर्षानुवर्षं उन्हात वाळलेला. ऊन लागतं ते बाहेरच्या बाजूला. म्हणजे फिकी तीच खरी सुलट! सकाळी आठही उसवले. दुपारपर्यंत वाटलं, बाई उलटा करून वाळत घालत असेल तर? बऱ्याच बायका घालतात. त्या स्वतः घालीत. पुन्हा उसवले.

एक फोन केला असता तर मिटलं असतं. "विचार की तिला," यजमान म्हणाले.

"आणि काय म्हणू? मला उलट-सुलट कळत नाही? तिच्या आईचा कपडा घेऊन बसलेय आणि मला हे कळत नाही?"

"तसंच म्हण."

"तुम्हाला काय जातं बोलायला!"

तिरक्या कापाचं कापड ताणलं की सैल पडतं आणि जुनं कापड उसवलं की झिजतं. तिसऱ्या खेपेला कडांचे धागे निघून बोटांना चिकटू लागले. पाव इंचाची माया सुतावर आली. शुक्रवारी दुपारी आठव्या त्रिकोणातला एक टाका निघेना, उसवणबाईंनी टोकदार चाकू आत सारून जरा ओढला, आणि त्रिकोण शांतपणे मधोमध फाटला. आवाजसुद्धा झाला नाही.

उसवणबाईंनी फाटलेल्या दोन्ही कडा जुळवून बघितल्या. मग उठल्या आणि गॅस बंद आहे का बघून आल्या. गॅस सकाळपासून लावलाच नव्हता.

शनिवारपासून त्यांची कापडाच्या दुकानांची फेरी सुरू झाली. "हिरवं, पांढऱ्या ठिपक्यांचं, पण नवं नको, जुनं." दुकानदार बघतच राहिले. शेवटी उरल्यासुरल्या तुकड्यांच्या एका ढिगात मिळतंजुळतं कापड निघालं. ठिपका किंचित मोठा, रंग भडक. ते त्यांनी सोड्यात धुतलं, उन्हात घातलं, पुन्हा धुतलं, बारा वेळा.

"काय चाललंय?" यजमानांनी विचारलं.

"जुनं करतेय."

"मग एवढा सोडा कशाला? माझ्यासारखं तुझ्याबरोबर ठेव चाळीस वर्षं. पांढरं होईल."

एरवी त्या हसल्या असत्या. या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं आणि जवळ येऊन बसले. "सांगून टाक तिला."

"बोलायची बंद होईल."

"टपालबाई? बोलायची बंद?"

"सख्ख्या बहिणीशी अकरा वर्षं बोलत नाही ती. एका फडक्यासाठी."

घड्याळजी उठले. ते परत भिंगामागे गेले.

सात त्रिकोण कसेबसे बसले. आठवा बाजारातला. बाकीच्यांची माया इतकी कमी उरली होती की सुई शिवणीतून जाताना उसवणबाईंचे दात शिवशिवत. फाटका त्रिकोण त्यांनी फेकला नाही. डब्यातच ठेवला, कागदात गुंडाळून.

बुधवारी त्या जाणारच नव्हत्या. पोट दुखतंय म्हणावं, असं ठरलं होतं. पण मग टपालबाई घरी येतील, पोटाचं विचारतील आणि समोर बसून चांदणी मागतील. त्यापेक्षा चारचौघींत बरं. गर्दीत कोण कोणाचा ठिपका मोजतंय? डबा पिशवीत टाकून त्या निघाल्या आणि कुलूप एकदाच ओढलं. घड्याळजी खिडकीतून बघत होते. त्यांना ते लक्षण बरं वाटलं नाही.

वाचनालयात टेबलावर सगळ्या चांदण्या मांडलेल्या होत्या. मास्तरीणबाई पट्टी घेऊन एकेक मोजत फिरत होत्या. टोकं बोथट, कोन मोडलेला, माया कमी. कोणालाही सोडलं नाही. उसवणबाईंच्या चांदणीपाशी त्या थांबल्या, खाली वाकल्या. उसवणबाईंच्या कानात बॉयलर घरघरू लागला.

"हे बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी बघा. आठ टोकं, आठही जाग्यावर. बाई, आज पहिल्यांदा तुम्ही उसवलं नाहीत वाटतं!"

सगळ्या हसल्या. टपालबाई मात्र हसल्या नाहीत. त्या खुर्ची मागे सारून आल्या, चांदणी दोन्ही हातांत उचलली, आणि आवाज निघाला तो इतका हळू, की काचेअलीकडेही ऐकू आला नसता. "आईच गं," त्या म्हणाल्या. आणि अंगठ्याने एक त्रिकोण कुरवाळू लागल्या. "इथला तिचा खांदा असणार. खांद्यावर फिका झाला होता, पिशवीच्या पट्ट्याने. बघ ना, हा एकच जरा वेगळाय."

आठ त्रिकोण होते. अंगठा नेमका बाजारातल्यावर.

उसवणबाईंनी तोंड उघडलं. शिंक येईल अशी त्यांनी क्षणभर वाटही बघितली. आली नाही.

"तो आईचा नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तो आईचा नाही. बाजारातला आहे. आईचा माझ्या हातून फाटला." एवढं बोलून त्यांनी डबा काढला, झाकण उघडेना, मास्तरीणबाईंनी पट्टी घालून उघडून दिलं, आणि कागदातला फाटका त्रिकोण टेबलावर आला. इस्त्री फुसफुसत होती. ती बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

"कधी?" टपालबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी."

"आज बुधवार आहे."

"हो."

टपालबाईंनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं, त्याला काही लागलंय की काय असं. चांदणी खाली ठेवली. खुर्चीवरची पर्स उचलली आणि बाहेर गेल्या. दार उघडं राहिलं. त्यातून दिसत होतं, त्या वाचनालयातल्या पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून एक पेला प्यायल्या. मग दुसरा. तिसरा अर्धा प्यायल्या आणि अर्धा तिथल्या झाडाच्या कुंडीत ओतला.

आत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. अशा वेळी बायका जे करतात तेच सगळ्याजणी करत होत्या, म्हणजे टाचण्या गोळा. उसवणबाई उभ्याच होत्या. बसायचं कुठे, हा प्रश्न होता. पर्स गेलेली, खुर्ची रिकामी, पण ती आता त्यांची राहिली होती का?

टपालबाई आल्या त्याच थेट काचेपलीकडच्या आवाजात. "फाटला कसा? कापताना?"

"उसवताना."

"का उसवलंस? टोकं तर जुळलीयत!"

"उलट-सुलट चुकली होती. तीन फिके, पाच गडद. मला कळेना खरी बाजू कोणती. म्हणून इकडून तिकडे, तिकडून इकडे."

"मला विचारायचं होतंस!"

"मला वाटलं, मला कळत नाही हे तुला कळेल."

टपालबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, मला तरी काय कळतंय! आई घाईत झगा उलटाच अंगात घालायची. शिवणी बाहेर, खिसा आत, आणि बाजारात रुमाल ठेवायला खिसा शोधत फिरायची! लोक हसायचे, आम्ही मेल्याहून मेल्या व्हायचो. ती म्हणायची, हसू देत, ऊन दोन्हीकडून सारखं लागेल. त्या झग्याला सुलट बाजू होती कुठे, बाई!"

कोपऱ्यात एकीला हसू फुटलं. टपालबाईंनी वळून बघितलं तशी तिने तोंडात पदर कोंबला.

"हसू नका. मी हसवत नाहीये," टपालबाई म्हणाल्या, आणि फाटका त्रिकोण उचलून उजेडात धरला. "एवढंच फाटलंय होय? इस्पितळात याहून फाटक्या चादरी यायच्या ना तुझ्याकडे?"

"यायच्या."

"मग? तुम्ही त्या फेकत होतात?"

"छे, फेकतो कशा? रफू करायचो."

बोलून गेल्यावर उसवणबाईंनी स्वतःचं वाक्य ऐकलं. चार दिवस दुकानं पालथी घातली, सोड्याने हात सोलवटले, आणि जे काम एकतीस वर्षं डोळे मिटून केलं ते एकदाही आठवलं नाही. ते चादरीचं काम, हे नमुन्याचं. भीती माणसाला आधी स्वतःचेच हात विसरायला लावते.

"रफूने कापड जाड होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चौकोन सपाट बसणार नाही. शिवाय माया कुठे उरलीय?"

"तुमच्या भूमितीत माझी आई बसत नाही, मास्तरीणबाई. तुम्ही जरा पट्टी बाजूला ठेवा." मग उसवणबाईंकडे वळून, "तू बस. तो बाजारातला उपरा काढ तिथून. आणि हे लाव."

उसवणबाई बसल्या. बाजारातला त्रिकोण त्यांनी सहा टाक्यांत काढला, उसवण्यात त्यांचा हात कोण धरणार? फाटका तुकडा त्यांनी पातळ पांढऱ्या कापडावर ठेवला. ते कापड कडेला मुद्दाम पाव इंच जास्त सोडलं, म्हणजे मूळ मायेला नवी जोड मिळाली आणि शिवण धरायला काहीतरी हाती आलं. मग सर्वांत बारीक सुई. एक धागा आडवा, एक उभा, वरून, खालून. पहिले चार धागे त्यांनी मोजून घातले. पाचव्याला टपालबाईंनी दिव्याची मान वाकवून उजेड जवळ आणला आणि इतक्या जवळ आल्या की त्यांचा श्वास धाग्याला लागू लागला.

"लांब हो," उसवणबाई म्हणाल्या. असं त्या आयुष्यात कोणाला म्हणाल्या नव्हत्या.

टपालबाई लांब झाल्या. "राग गेलेला नाही हं माझा," त्या लांबून म्हणाल्या. "बोलतेय म्हणून गेला असं समजू नकोस."

"नाही समजत."

"फाटल्याचा नाहीच. पाच दिवस गप्प बसलीस आणि मला त्या उपऱ्याला अंगठ्याने कुरवाळू दिलंस, त्याचा."

"हो."

"हो काय हो! काहीतरी बोल."

"धागा मोजतेय. मग बोलते."

बाकीच्या निघून गेल्या तरी दोघी बसलेल्याच. आठवा त्रिकोण जागेवर लागला, तो नेमका घाईत फिक्या बाजूने, आणि या वेळी तो तसाच राहू दिला. सर्वांत शेवटी निघालेल्या मास्तरीणबाईंनी जाता जाता इस्त्री फिरवून दिली आणि मोजल्याशिवाय राहवेना म्हणून चोरून पट्टीही लावली. एक बाजू सुताभर कमी. त्या पट्टी पिशवीत टाकून निघाल्या, त्यांच्या मानाने हे फारच झालं.

चांदणी टेबलावर पसरली. उसवणबाई चार पावलं मागे सरकल्या. 

"रफू दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," टपालबाई म्हणाल्या. "दारातून दिसेल."

"मग उसवून पुन्हा..."

"हात लावून तर बघ."

उसवणबाईंनी हात मागे घेतला. मग दुसरा हात हळूच पुढे सरकला. तेव्हा टपालबाईंनी टेबलावरच्या दोन्ही कात्र्या, टोकदार चाकू आणि टाचण्यांची डबी उचलून पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि पर्स मांडीखाली घेऊन तिच्यावर बसल्या.